इब्न मसर्रापासून अबू मदयनपर्यंत : सांगलीतील एका अभ्यासवर्गाविषयी

सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला असलेले एक जुने ग्रंथालय दरवर्षी पावसाळा सरल्यावर एक सशुल्क अभ्यासवर्ग घेते. यंदाचा विषय होता 'मध्ययुगीन पश्चिम इस्लाममधील गूढमार्गाची मुळे'. आठ शनिवार, सायंकाळी साडेपाच ते साडेसात, शुल्क नऊशे रुपये, आणि त्यात एक छापील टिपणवही व मध्यंतराचा चहा. आठांपैकी सात सत्रांना मी हजर होतो. सहावे सत्र पुण्यातल्या एका लग्नामुळे बुडाले आणि त्याची टिपणे मी शेजारी बसणाऱ्या बाईंच्या वहीतून उतरवून घेतली. ग्रंथालयाचे नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारीही यायच्या आहेत आणि त्या ज्यांच्यापर्यंत पोहोचायला हव्यात त्यांना त्या नावाशिवायही ओळखू येतील.

या भागातल्या माणसाच्या मनात सूफी म्हटले की पहिले चित्र मिरजेचे उभे राहते. मीरासाहेबांचा दर्गा, तेथला उरूस, त्या आवारात विसावलेले अब्दुल करीम खाँ, त्यांच्या स्मरणार्थ रात्र रात्र चालणारे गाणे. थोडे वाचन असेल तर अजमेर, गुलबर्गा, विजापूर ही नावे आणि चिश्ती, कादरी हे शब्द. म्हणजे आपल्या कल्पनेतला सूफी हा दर्गा, परंपरा आणि संगीत यांच्यासकटच येतो. या वर्गाने पहिल्याच संध्याकाळी ते चित्र बाजूला ठेवायला लावले, हे त्याचे सर्वांत मोठे श्रेय. दहाव्या शतकातल्या, मुसलमानी अमलाखालच्या स्पेनमधील कॉर्डोबात ना असे दर्गे होते, ना शिस्तबद्ध पंथ. सूफी हा शब्दसुद्धा तिकडे फारसा रुळलेला नव्हता. होते ते काही विरक्त, काही कुराणपाठक, समुद्रकाठच्या रिबातांमध्ये म्हणजे तटबंदी असलेल्या मठवजा ठाण्यांमध्ये पहारा आणि उपासना एकत्र करणारे लोक, आणि हजला जाऊन येताना पूर्वेकडून ग्रंथ व कल्पना घेऊन परतणारे विद्यार्थी. ट्युनिशियाच्या किनाऱ्यावरच्या मोनास्तीरचा रिबात इ. स. ७९६ मधला आहे; म्हणजे ज्याला आपण पुढे सूफी संस्था म्हणून ओळखतो तिच्या कितीतरी आधीची ही वस्ती. व्याख्यात्यांनी फळ्यावर खडूने भूमध्य समुद्र काढला, 'मग्रिब' म्हणजे सूर्य मावळण्याची दिशा एवढे सांगितले, आणि कॉर्डोबा ते मक्का ही वाट बोटाने तीनदा गिरवली. आपल्याला पूर्वेकडून पश्चिमेकडे पाहण्याची सवय आहे. तिकडच्या माणसाला ज्ञान नेहमी पूर्वेकडून येणार असे वाटे, ही साधी गोष्ट त्या खडूच्या रेघेने जितकी पटली तितकी वाचून पटली नसती.

दुसरे सत्र इब्न मसर्राचे होते आणि माझ्या मते संपूर्ण वर्गातले ते सर्वोत्तम. हा कॉर्डोबाचा माणूस, जन्म इ. स. ८८३, मृत्यू ९३१. वडील पूर्वेकडे प्रवास करून आलेले आणि मुअतझिली, म्हणजे तर्काला महत्त्व देणाऱ्या, विचारांकडे झुकलेले असल्याचा बोलबाला होता. मुलगाही पूर्वेला जाऊन आला, आणि कॉर्डोबाजवळच्या डोंगरात मोजक्या शिष्यांसह राहिला, म्हणून त्याला 'अल-जबली', म्हणजे डोंगरावरचा, असेही म्हणत. त्याच्या दोन छोट्या पुस्तिका आज उपलब्ध आहेत. एक 'इतिबार' म्हणजे चिंतनाविषयी आणि दुसरी अक्षरांच्या गुणधर्मांविषयी. कुराणातल्या एकोणतीस सुरांच्या, म्हणजे अध्यायांच्या, आरंभी जी सुटी अक्षरे येतात, एकूण चौदा, त्यांचा अर्थ ही दुसरी पुस्तिका शोधते. पहिलीत तो वाचकाला एका झाडापाशी उभा करतो. पाण्याचा स्वभाव खाली वाहण्याचा. मग ते मुळातून वर कसे चढते, आणि वर गेल्यावर त्याचे कुठे साल, कुठे पान, कुठे फूल, कुठे फळ असे वेगवेगळे रूप कसे होते? पाण्याच्या स्वभावाविरुद्ध त्याला वर नेणारे काहीतरी असले पाहिजे. त्या 'काहीतरी'चा माग काढत विचार मूलतत्त्वांकडे, तारामंडळांकडे, जीवात्म्याकडे, बुद्धीकडे आणि अखेर त्या सर्वांपलीकडच्या एकाकडे जातो. प्रेषितांनी जे वरून खाली आणून सांगितले तेच चिंतन करणारा खालून वर चढत जाऊन पाहतो आणि दोन्ही जुळतात, असा त्याचा दावा.

व्याख्यात्यांनी सत्राच्या आरंभी काचेच्या पेल्यात निळी शाई घातलेले पाणी घेऊन त्यात निशिगंधाचा एक दांडा ठेवला होता. साडेसात वाजता तो उचलून दाखवला तेव्हा खालच्या दोन-तीन फुलांच्या पाकळ्यांत निळ्या शिरा उमटल्या होत्या. शाळेतला प्रयोग आहे, हे सर्वांनाच ठाऊक होते. परंतु दोन तास ज्या वाक्याविषयी आपण बोलत होतो ते वाक्य समोर निळे होऊन उभे आहे, याचा परिणाम वेगळाच झाला. त्यावर तासगावहून येणारे एक द्राक्षबागायतदार उठून म्हणाले, "सर, पाण्याला पान वर ओढतं असं आम्हाला शिकवलंय. पण छाटणी झाल्यावर वेलीवर एकही पान नसतं, तरी कापलेल्या काडीच्या टोकातून पाणी ठिबकत राहतं. ते कोण ढकलतं?" मुळांचा दाब असे त्याचे उत्तर आहे आणि ते त्यांना ठाऊकही होते. पण प्रश्न इब्न मसर्राच्याच वळणाचा होता. व्याख्याते हसले आणि म्हणाले, "काका, हजार वर्षांपूर्वी असता तर तुम्हाला डोंगरावर जागा मिळाली असती."

खरी गुंतागुंत यापुढे सुरू होते, कारण 'मुळे' शोधायची म्हणजे कोणाकडून काय आले हे ठरवायचे. मिगेल आसीन पालासिओस या स्पॅनिश पंडिताने १९१४ मध्ये इब्न मसर्रावर ग्रंथ लिहिला तेव्हा या दोन पुस्तिका अभ्यासकांच्या हाती नव्हत्या. अकराव्या शतकातल्या साईद अल-अंदलुसी या तोलेदोच्या काझीने इब्न मसर्राचे नाते ग्रीक तत्त्वज्ञ एम्पेडोक्लीजच्या नावावर खपणाऱ्या मतांशी जोडले होते. त्या आधारावर आसीनने एक अख्खी परंपरा उभी केली, जी इब्न मसर्रापासून थेट तेराव्या शतकातल्या इब्न अरबी या विख्यात सूफीपर्यंत जाते. पुढे १९७० च्या दशकात डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहातील हस्तलिखितावरून दोन्ही पुस्तिका छापल्या गेल्या आणि त्यांत तो एम्पेडोक्लीज काही सापडला नाही. नवप्लेटोवादी रचना, म्हणजे एका मूलतत्त्वातून पायरीपायरीने जग उतरते ही कल्पना, सापडली, अक्षरविद्या सापडली, बसऱ्यात राहिलेल्या सह्ल अल-तुस्तरी या जुन्या सूफीच्या विचारांचे धागे सापडले. व्याख्यात्यांनी हा भाग एखाद्या तपासकथेसारखा रंगवला आणि तो रंगवण्याजोगाच आहे.

मात्र त्यानंतरच्या सत्रात त्यांनी ज्या उत्साहाने इस्माइली प्रभावाचा सिद्धांत मांडला, तेथे मला थोडे अडखळायला झाले. सिद्धांत असा की, ९०९ मध्ये उत्तर आफ्रिकेत फातिमी या इस्माइली घराण्याची सत्ता आल्यावर इस्माइली या शिया पंथाची विश्वरचना, म्हणजे ईश्वराच्या आज्ञेतून बुद्धी, बुद्धीतून आत्मा अशी उतरंड, पश्चिमेत पसरली. बसऱ्याच्या 'इख्वान अस-सफा' या गुप्त विद्वानमंडळाचे बावन्न निबंधही अंदलुसमध्ये, म्हणजे मुसलमानी स्पेनमध्ये, पोहोचले, आणि ते नेणारा माणूस ९६४ मध्ये वारलेला मस्लमा अल-कुर्तुबी असावा असे आज अनेक अभ्यासक मानतात. त्यामुळे पश्चिमेचा गूढमार्ग बगदादच्या, मनाच्या अवस्था तपासणाऱ्या सूफींपेक्षा वेगळा, अधिक विश्वरचनेकडे झुकलेला झाला. यातले शेवटचे निरीक्षण मला पूर्णपणे पटते. इब्न मसर्राच्या लिखाणात प्रेमाची तळमळ किंवा 'हाल', म्हणजे साधकाच्या भावावस्था, यांचे वर्णन शोधून सापडत नाही. तिथे आहे ती जगाची शिडी. परंतु दोन विचारांत साम्य आहे म्हणून एकाने दुसऱ्याकडून घेतले असे ठरत नाही, हा धडा तर आसीनच्या बाबतीत आम्हाला आठच दिवसांपूर्वी शिकवला गेला होता. तो स्वतःच्या आवडत्या सिद्धांताला लावायला व्याख्याते विसरले. मी प्रश्न विचारला तेव्हा त्यांनी कॉर्डोबाचा खलिफा तिसरा अब्दुर्रहमान याने ९५२ मध्ये, म्हणजे इब्न मसर्राच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी, त्याच्या अनुयायांविरुद्ध जाहीरनामा काढला याकडे बोट दाखवले. पण शेजारच्या फातिमींची धास्ती असलेल्या खलिफाला घरातला प्रत्येक वेगळा आवाज फातिमींचाच वाटणार. त्यावरून राज्यकर्त्याचे भय सिद्ध होते, अनुयायांचा पंथ नव्हे.

या सगळ्या चर्चेत वर्गाला एकत्र बांधून ठेवणारा धागा होता तो एका शब्दाचा, आणि तो शब्द आपल्या घरातला निघाला. 'इतिबार' या अरबी शब्दाच्या मुळाशी 'ओलांडणे' हा अर्थ आहे. नदी ओलांडावी तसे दिसणाऱ्या खुणेवरून न दिसणाऱ्याकडे जाणे. हाच शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि 'इतबार' झाला. "त्या माणसाचा इतबार नाही" असे म्हणताना आपण पलीकडे जाण्याचा अर्थ पार टाकून दिला आणि फक्त भरवसा ठेवला. महसूल खात्यातून निवृत्त झालेले आणि मोडी कागद वाचणारे एक गृहस्थ मागच्या रांगेत बसत. त्यांनी लगेच 'इबारत' हा शब्द पुढे केला. दस्तऐवजातला मजकूर, तोही त्याच मुळाचा, कारण मनातला अर्थ शब्दांच्या होडीतून या काठावर येतो. त्या संध्याकाळी परतताना आयर्विन पुलावरून कृष्णा ओलांडणाऱ्या आम्हा दोघा-तिघांच्या बोलण्यात दुसरा विषय नव्हता.

हा शब्द महत्त्वाचा अशासाठी की, बाराव्या शतकात सेव्हिलचा इब्न बर्रजान आणि त्याच्या विचाराचे लोक स्वतःला सूफी म्हणवण्यापेक्षा 'मुअतबिरून', म्हणजे इतिबार करणारे, म्हणवून घेणे पसंत करत. म्हणजे इब्न मसर्रापासून दोनशे वर्षे एक देशी परंपरा तिथे जिवंत होती आणि तिला पूर्वेकडच्या सूफींचे नाव नंतर चिकटले. मुळांच्या प्रश्नाचे मला सर्वांत पटलेले उत्तर हेच. बी पूर्वेकडून आले असेल, नव्हे आलेच, पण रोप तिथल्या मातीत दोन शतके वाढल्यावर त्याला पूर्वेचे म्हणत राहण्यात फारसा अर्थ उरत नाही.

पूर्वेकडचा धर्मपंडित आणि सूफी गझाली याच्या ग्रंथदहनाचे सत्रही चांगले झाले. मोरोक्को आणि अंदलुसवर राज्य करणाऱ्या अल्मोराविद घराण्याचा अमीर अली बिन यूसुफ याच्या कारकिर्दीत, ११०९ मध्ये, कॉर्डोबाचा काझी इब्न हमदीन याच्या पुढाकाराने गझालीचा 'इह्या उलूमुद्दीन' (धर्मविद्यांचे पुनरुज्जीवन) हा ग्रंथ तिथल्या मोठ्या मशिदीच्या आवारात जाळण्यात आला. हे ऐकताच वर्गातून अपेक्षेप्रमाणे तुकोबांच्या वह्या आणि इंद्रायणी यांचा उल्लेख झाला. व्याख्यात्यांनी तो फेटाळला नाही, पण थांबवला. इथे ग्रंथ लिहिणारा हजारो कोस दूर होता आणि त्याला जाळपोळीने काही होणार नव्हते. नेम होता तो कायद्याच्या बारीकसारीक पोटभेदांत रमलेल्या आणि त्यावर पदे मिळवणाऱ्या मालिकी फकिहांवर, म्हणजे मालिकी परंपरेच्या धर्मशास्त्र्यांवर, गझालीने जी टीका केली होती तिच्यावर, असे त्यांनी समजावून दिले. शिवाय सगळे शास्त्री एका बाजूला आणि सगळे साधू दुसऱ्या बाजूला असेही नव्हते: अल्मेरियाच्या फकिहांनीच या दहनाविरुद्ध फतवा दिला. त्याच अल्मेरियात इब्न अल-अरीफ हा गूढमार्गी राहत होता. ११४१ मध्ये तो आणि इब्न बर्रजान दोघांनाही अल्मोराविदांच्या राजधानीत, मराकेशला, बोलावून घेण्यात आले आणि दोघेही त्याच वर्षी तिथेच वारले. इब्न बर्रजानचे प्रेत अंत्यप्रार्थनेविना उकिरड्यावर टाकण्याचा हुकूम होता. मोरोक्कोतल्या फेस शहराच्या इब्न हिर्झिहिमने लोकांना गोळा करून त्याचा रीतसर दफनविधी घडवून आणला. तीन वर्षांनी पोर्तुगालच्या दक्षिणेकडे इब्न कसी या गूढमार्गी पुढाऱ्याने आपल्या 'मुरीदून'सह, म्हणजे शिष्यांसह, उठाव करून मेर्तोलाचा किल्ला घेतला. गूढमार्ग म्हणजे जगाकडे पाठ, असे समजणाऱ्याने हे दहा-पंधरा मिनिटांचे टिपण तरी अवश्य ऐकावे.

आता टिपणवहीविषयी. चौऱ्याऐंशी पाने, कागद चांगला, शिलाईही मजबूत. पण संपादन कोणी केले असेल तर त्याने ते घाईत केले आहे. इब्न अल-अरीफ हे नाव अरीफ, आरिफ आणि अर्रीफ अशा तीन प्रकारे छापले आहे. त्याहून गंभीर चूक सनांची. हिजरी आणि इसवी सने कोणतीही खूण न करता शेजारी शेजारी दिली आहेत. इब्न मसर्राचा मृत्यू '३१९' आणि इब्न बर्रजानचा '११४१' असे एकाच तक्त्यात वाचून पहिल्या रांगेतल्या एका विद्यार्थ्याने दोघांत आठशे बावीस वर्षांचे अंतर काढले, आणि त्याचा हिशेब चुकला असे कोणी म्हणू शकत नाही. इब्न बर्रजानच्या कुराणभाष्यातून जेरुसलेम ५८३ साली पुन्हा मुसलमानांकडे येईल असे सूचित होत होते, आणि त्याच्या मृत्यूनंतर शेहेचाळीस वर्षांनी सलाहुद्दीनने ते ११८७ मध्ये, म्हणजे हिजरी ५८३ मध्ये, खरोखरच घेतले, ही विलक्षण गोष्ट वहीत नुसत्या '५८३' या आकड्यावर सांगितली आहे. इसवी ५८३ मध्ये प्रेषित मुहंमद लहान होते आणि इस्लाम अजून यायचा होता. वाचकाने काय समजावे? मी संयोजकांना हे दाखवले तेव्हा "पुढच्या वेळी बघू" असे उत्तर मिळाले. पुढच्या वेळेची वाट न पाहता एका पानाचे शुद्धिपत्र छापून देता आले असते; त्याला कितीसा खर्च येतो?

दुसरी तक्रार वेळेच्या वाटपाची. पहिली पाच सत्रे अंदलुसला आणि उरलेल्या तिनांत इब्न अरबी, संपूर्ण मग्रिब आणि समारोप. अबू मदयनच्या वाट्याला जेमतेम वीस मिनिटे आली. हा माणूस सेव्हिलजवळच्या कांतिल्याना गावचा, पोरका, गुरे राखणारा, पुढे विणकाम शिकलेला. समुद्र ओलांडून फेसला गेला आणि तिथे त्याच इब्न हिर्झिहिमपाशी बसला ज्याने इब्न बर्रजानला माती मिळवून दिली. कॉर्डोबात जाळलेला 'इह्या' फेसमध्ये त्याला शिकायला मिळाला. दुसरा गुरू अबू यअझा हा डोंगरातला बर्बर जमातीचा साधू, ज्याचे अरबी यथातथाच होते. पुढे अल्जीरियातल्या बिजाया बंदरात त्याने शिष्य घडवले आणि ११९८ मध्ये मराकेशला बोलावले असता वाटेत त्लेमसेनजवळ त्याने देह ठेवला. अल-उब्बादची त्याची कबर आजही तीर्थस्थान आहे. ग्रंथांतून चालत आलेली इतिबाराची परंपरा आणि अडाणी डोंगरी साधूंची परंपरा या एकाच माणसात मिळतात. नंतरच्या शाझिली या सूफी पंथाचे वळण त्याच्याशिवाय समजत नाही. अशा माणसाला वीस मिनिटे आणि इस्माइली सिद्धांताला दोन तास, हे माप मला मान्य नाही.

इब्न अरबीचे सत्र (मुर्सिया ११६५, दमास्कस १२४०) जे बहुधा सर्वांना ऐकायचे होते, ते ठीक झाले इतकेच म्हणेन. 'वहदत अल-वुजूद', म्हणजे अस्तित्वाचे एकत्व, या शब्दाभोवती फार वेळ गेला. त्याच्या तरुणपणच्या सेव्हिलमधल्या गुरूंविषयी, त्यांतही नव्वदी ओलांडलेल्या फातिमा बिंत इब्न अल-मुसन्ना हिच्याविषयी, वर्गातल्या एका शिक्षिकेने विचारले तेव्हाच दोन वाक्ये आली: इब्न अरबीने स्वतःच्या हातांनी तिला बोरूची झोपडी बांधून दिली होती. टिपणवहीत तिचे नाव नाही. अल-गर्बमधला, म्हणजे आजच्या दक्षिण पोर्तुगालमधला, निरक्षर शेतकरी अल-उर्यानी हा त्याचा पहिला गुरू, त्याचेही नाही. शुश्तरी या अंदलुसी सूफी कवीच्या बोलीतल्या झजलांवर, म्हणजे पदांवर, मात्र शेवटच्या सत्रात अर्धा तास मिळाला आणि तो सार्थकी लागला. बाजारातल्या माणसाच्या अरबीत रचलेली ती पदे मोरोक्कोत आजही गायली जातात. व्याख्यात्यांनी एक ध्वनिमुद्रण लावले तेव्हा खालच्या मंगल कार्यालयात बँड सुरू झाला आणि आम्ही खिडक्या लावून, पंखा बंद करून ते ऐकले.

सभागृह पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, जिना अरुंद. गुडघेदुखीच्या दोन वयस्कर सदस्यांनी तिसऱ्या आठवड्यानंतर येणे सोडले. चहा उत्तम, पण तो नेहमी चर्चा रंगात आली असतानाच येतो. पावती मात्र मागितल्याशिवाय देत नाहीत, ती मागून घ्यावी.

नऊशे रुपयांत सांगलीत बसून कॉर्डोबाच्या डोंगरावर जाता येत असेल तर मी पुन्हा जाईन, आणि पुढच्या वर्गासाठी नावही नोंदवले आहे. नोंदवहीत 'सूचना' या रकान्यात दोन ओळी लिहून आलो: सनांपुढे हि. किंवा इ. अशी खूण करावी, आणि अबू मदयनला एक पूर्ण शनिवार द्यावा. माझ्या खाली तासगावच्या काकांनी लिहिले आहे: "वर्ग ऑक्टोबरात नको, छाटणी असते."